आधी विचारा, मग द्या: रोजच्या जगण्यातली शेजारप्रीती, पायरीपायरीने

उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) लागला की धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, पिशव्या भरायला सुरुवात होते. तांदूळ, डाळ, साखर, तेलाची पिशवी. रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) वाटप होतं, फोटो ग्रुपवर येतो, आणि ईस्टर झाला की सगळं थंड. मधुमेह असलेल्या आजींच्या फडताळात साखरेचे तीन पुडे तसेच पडलेले असतात. त्यांना हवं होतं ते चष्म्याचा नंबर तपासायला कुणीतरी सोबत येणारं माणूस, पण ते कुणी विचारलंच नाही.

देणाऱ्यांच्या हेतूत खोट नसते. क्रम चुकलेला असतो. देणं आधी होतं. पाहणं आणि विचारणं नंतर, नाहीतर कधीच नाही. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. तो एकट्यादुकट्या माणसासाठी लिहिलाय, संस्था चालवणाऱ्यांसाठी नाही. मी वसईकडचा असल्यामुळे शब्द कॅथलिक वळणाचे येतील. अहिल्यानगर-जालन्याकडच्या वाचकांनी धर्मगुरूच्या जागी पाळक आणि धर्मग्रामाच्या जागी मंडळी असं खुशाल वाचावं.

क्रम मी बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायातून घेतलाय. चांगल्या शोमरोन्याचा (गुड समरिटनचा) दाखला सगळ्यांना पाठ असतो, पण त्याने काय काय केलं आणि कशानंतर केलं, हे सांगायला गेलं की गडबड होते. त्याने वाटेत पडलेल्या जखमी माणसाला पाहिलं. त्याला कळवळा आला. तो जवळ गेला. जवळ होतं तेच तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने जखमा बांधल्या. आपल्याच जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेलं आणि रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हातात दोन दीनार ठेवले, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या वाटेला लागला. पैसे किती उशिरा आले बघा.

## तयारी: घराबाहेर पडण्याआधी

१. देणं आहे ते आधी फेडा. ही तयारीतली पहिली गोष्ट, आणि बहुतेक जण हीच टाळतात. घरकामाच्या बाईंचा पगार दहा तारखेपर्यंत लांबवायचा आणि नाताळला तिला साडी द्यायची, याला दानधर्म म्हणत नाहीत. मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका, असं बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात स्पष्ट आहे; अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोब आपल्या पत्रात लिहितो. म्हणून कागद घ्या आणि लिहा: घरकामाच्या बाई, ड्रायव्हर, वाडीत काम करणारा गडी, इस्त्रीवाला, दूधवाला, उसने पैसे दिलेला भाऊ. कुणाचं काय बाकी आहे? आठवड्याची सुट्टी ठरली आहे का? आजारपणात पैसे कापले का? चहाचा कप वेगळा ठेवलाय का? आधी हे मिटवा. तुमच्या घरात ज्याचं देणं थकलंय त्याला तुमची बाहेरची सेवा दिसत असते, आणि त्याचं त्यावर मतही असतं.

२. माणसांची यादी करा, कामांची नको. भुकेल्यांना अन्न, तहानेल्यांना पाणी, आजाऱ्यांची भेट ही दयेची कृत्यं धर्मशिक्षणाच्या वर्गात सगळ्यांनी घोकलेली असतात. तिथून सुरुवात केली की आपण कृत्य आधी निवडतो आणि मग त्यासाठी गरजू शोधत फिरतो. उलट करा. घरापासून दहा मिनिटांच्या चालीत राहणारी किंवा रोज भेटणारी माणसं लिहा. इमारतीचा वॉचमन, तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर, नवऱ्याच्या डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा रिक्षा शोधणारी शेजारीण, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून आशीर्वादाआधीच निघून जाणारा मुलगा. स्वतःच्या घरातली माणसंही यादीत हवीत. सासूबाईंशी चार दिवस अबोला आणि वृद्धाश्रमात गाणी म्हणायला पहिला नंबर, असं बरेचदा दिसतं.

यादीतून एक माणूस निवडा. फार तर दोन. पाच निवडलेत तर महिनाभरात पाचही सुटतील.

३. वेळ बांधून घ्या. आठवड्यातला एक ठरलेला वार आणि साधारण अर्धा-पाऊण तास. “जमेल तसं” ही वेळ कधीच येत नाही.

४. पैसे वेगळे ठेवा. घरखर्चातून उचलून दिलं की मनात हिशेब राहतो आणि तो चेहऱ्यावर दिसतो. महिन्याला झेपेल ती रक्कम डब्यात टाका. उपवासकाळात उपवासातून वाचलेले पैसे या डब्यात जावेत अशी अपेक्षा असते. शुक्रवारी मटण वर्ज्य करून त्याच दिवशी पापलेटवर दुप्पट खर्च केला तर डब्यात काय पडणार, हे ज्याचं त्याने पाहावं.

५. घरच्यांना सांगा. तुम्ही गुरुवारी संध्याकाळी कुठे जाता हे घरात माहीत हवं. एकट्या स्त्रीकडे पुरुषाने एकट्याने किंवा एकट्या पुरुषाकडे तरुण मुलीने एकटीने नियमित जाणं टाळा, जोडीने जा. लहान मुलांशी संबंध येणार असेल तर त्यांचे आईवडील समोर असतानाच.

६. चार नंबर फोनमध्ये ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७, मानसिक त्रासात बोलण्यासाठी टेलि-मानस १४४१६, मुलांसाठी १०९८.

> तपासा: यादीतल्या कुणाचं देणं अजून बाकी आहे का? असेल तर पुढची पायरी थांबवा.

## पायरी १: आठवडाभर फक्त पाहा

या आठवड्यात काहीही द्यायचं नाही. काही सुचवायचंही नाही. अनेकांना हे अवघड जातं, कारण हात रिकामे ठेवून पाहत राहणं आळशीपणाचं वाटतं. शोमरोन्याच्या आधी त्या वाटेने गेलेल्या याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) यांनीही त्या जखमी माणसाला पाहिलंच होतं. ते पाहून बाजूने निघून गेले. तुम्ही पाहून तिथेच थांबायचंय.

काय पाहायचं? दुधाची पिशवी दाराला किती वाजेपर्यंत लटकलेली असते. दिवा कुठल्या खोलीत लागतो. जिना उतरताना हात कशाला धरतात. वॉचमन रात्री जेवतो कुठे, आणि त्याला शौचालय वापरायला मिळतं का. चर्चमधून घरी जाताना कोण एकटं जातं. दुपारच्या उन्हात कुरिअरवाला चार मजले चढून येतो तेव्हा त्याला पाणी कोण विचारतं.

या आठवड्यात तुमच्या मनातली कारणमीमांसा गप्प ठेवा. “मुलं कॅनडात, पैसा आहे, मग काय कमी?” किंवा “पितो, म्हणून अशी वेळ आली” हे निष्कर्ष पाहण्याच्या आड येतात.

> तपासा: हे माणूस कुणाच्याही मदतीशिवाय नीट करतं अशा तीन गोष्टी तुम्हाला सांगता येतात का? येत नसतील तर तुम्हाला फक्त त्याची अडचण दिसलीय, माणूस नाही. अजून आठवडाभर पाहा.

## पायरी २: विचारा, आणि नकार देणं सोपं जाईल असं विचारा

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडत येशूकडे आला. त्याला काय हवंय हे गर्दीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तरी येशूने त्याला विचारलं: मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? उत्तर उघड दिसत असतानाही विचारलं जातं, यातच त्या माणसाचा मान आहे. साखरेचे तीन पुडे याच पायरीवर वाचले असते.

विचारण्याच्या तीन पद्धती सर्रास चुकीच्या वापरल्या जातात.

“काही लागलं तर सांगा हं.” हे वाक्य बोलणाऱ्याला मोकळं करतं. ऐकणारा कधीच सांगत नाही.

“तुम्हाला कसली मदत हवी?” यात समोरच्याने आपण गरजू आहोत हे आधी कबूल करायचं. नको.

“मी तुमच्यासाठी हे आणलंय.” हा प्रश्नच नाही.

जमतं ते असं: प्रश्न छोटा, नेमका, दोन पर्यायांचा, आणि तुम्ही तसेही ते करणारच आहात असा.

“मावशी, उद्या मी पापडीच्या बाजारात चाललोय. तुमची औषधं आणू की भाजी?”

“काका, रविवारी सातच्या मिस्साला आम्ही रिक्षानेच जातो. एक जागा रिकामी असते. हाक मारू का?”

“ताई, गुरुवारी तुम्ही डायलिसिसला जाता तेव्हा धाकट्याला आमच्याकडे अभ्यासाला बसवायचं का? आमचाही बसतोच.”

नकार आला तर “बरं” म्हणा आणि विषय बदला. दोनतीन आठवड्यांनी वेगळ्या निमित्ताने एकदा विचारा. दुसऱ्यांदाही नको म्हणाले तर त्यांना तुमची मदत नकोय, आणि तो त्यांचा हक्क आहे. हाकेला ओ देण्याइतकी ओळख राहिली तरी पुष्कळ.

> सावधान: मुलगा का येत नाही, सून बघत नाही का, घर कुणाच्या नावावर आहे, हे प्रश्न विचारायचे नाहीत. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका, मत देऊ नका, बाहेर बोलू नका. प्रार्थनागटात “अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करू या, त्यांच्याकडे असं असं चाललंय” ही चहाडीच आहे, शेवटी आमेन म्हटलं तरीही.

## पायरी ३: झेपेल त्याच्या निम्मं ठरवा

उत्साहात रोज जेवणाचा डबा कबूल करू नका. शोमरोन्याकडे होतं तेवढंच तेल त्याने ओतलं. तुम्हाला सर्दी झालेल्या आठवड्यातही जमेल एवढंच ठरवा. आठवड्यातून एक भेट कबूल करून वर्षभर गेलात तर ती भेट त्या घरात वाराची खूण होते. रोजचा डबा तिसऱ्या आठवड्यात बंद पडला तर समोरच्याची उपासमार तर होतेच, वर आपलं काय चुकलं असा घोर लागतो.

नेहमीच्या प्रसंगांत नेमकं काय करता येतं, ते खाली देतोय.

### एकटे राहणारे वृद्ध

वसईत अशी घरं गल्लोगल्ली आहेत: मोठं अंगण, बंद खोल्या, एक आजी, आणि रविवारी रात्री येणारा परदेशातला व्हिडिओ कॉल. तिथे अन्नाची टंचाई क्वचित असते. टंचाई असते ती कागदांची आणि सोबतीची.

सरकारी निवृत्तीवेतन घेणाऱ्यांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला तर पेन्शन थांबते. हा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, आणि पोस्टमन घरी येऊनही करून देतो, त्यासाठी थोडं शुल्क लागतं. ऑक्टोबरच्या शेवटी फक्त आठवण करणं, एवढीही मोठी सेवा आहे. घरात उत्पन्न नसलेल्या विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि पासष्टच्या पुढच्या निराधार वृद्धांना श्रावणबाळ योजना लागू होऊ शकते. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, विधवेसाठी पतीचा मृत्यूदाखला यांच्या प्रती एका पिशवीत लावून दिल्यात तर अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे रांगेत सोबत उभं राहणं.

> सावधान: ओटीपी, एटीएमचा पिन, चेकवर सही यांना हात लावायचा नाही, त्यांनी आग्रह केला तरी. बँकेत सोबत जा, खिडकीपाशी दोन पावलं मागे उभे राहा. औषधांचा डबा वारांप्रमाणे भरून द्या, पण कुठली गोळी बंद करावी हे तुम्ही सांगू नका.

### दवाखाना

रुग्णापेक्षा रुग्णासोबतच्या माणसाकडे लक्ष द्या. सिव्हिल हॉस्पिटलच्या जिन्यात बसलेल्या नातेवाइकाला आंघोळीची जागा, फोन चार्ज करायला प्लग आणि दोन तास झोप यांची गरज असते. “तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या, मी दोन तास इथे बसतो” हे फुलांच्या गुच्छापेक्षा उपयोगी. रुग्णाला नर्सला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा द्यायचं नाही. भेट पंधरा मिनिटांची. प्रार्थना करायची असेल तर आधी परवानगी घ्या, हळू आवाजात करा, बाजूच्या खाटेवर दुसऱ्या धर्माचा माणूस झोपलेला असतो.

याईराच्या मेलेल्या मुलीला उठवल्यावर येशूने काय सांगितलं आठवतंय? तिला काहीतरी खायला द्या. एवढ्या मोठ्या चमत्काराच्या गडबडीत पोरगी भुकेली असेल हे घरच्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दवाखान्यात जाताना मला ही ओळ उपयोगी पडते.

### शोक

दफनविधीच्या दिवशी घर भरलेलं असतं. सातव्या दिवसाच्या मिस्सापर्यंत माणसांचा राबता असतो, महिन्याच्या मिस्सानंतर तो संपतो. तुम्ही तेव्हा जायला लागा. गेलेल्याचं नाव घ्या. सगळे ते टाळत असतात. “देवाची इच्छा” आणि “आता सावरायला हवं” ही दोन वाक्यं घरी ठेवून जा.

### रस्ता

भीक मागणाऱ्याला पैसे द्यावेत की नाही यावर वाद चालूच राहील. माझं मत: मोठ्या माणसाला द्यायचे असतील तर थांबून, डोळ्यांकडे पाहून, दोन शब्द बोलून द्या, द्यायचे नसतील तरी पाहा आणि “आज नाही दादा” म्हणा. मुलांच्या हातात पैसे देऊ नका. मूल एकटं, जखमी किंवा घाबरलेलं दिसलं तर १०९८.

महामार्गावर अपघात दिसला तर १०८ ला फोन करा, वाहतूक अडवा, मान किंवा पाठीला मार लागलेला दिसत असेल तर उगाच हलवू नका. पोलिसांच्या झंझटीची भीती बाळगू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय आणि त्याचं नावच गुड समरिटनच्या संरक्षणाचं आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

रक्तदान हेही याच यादीतलं: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना ९० दिवस आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर. तुमचं रक्त कुणाला चढवलं हे तुम्हाला कधीच कळत नाही. फोटोचा मोह असलेल्यांनी इथून सुरुवात करावी.

## पायरी ४: द्या, पण घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही असं

बायबलमधल्या गरीब विधवा रूथच्या गोष्टीत शेतमालक बवाज आपल्या कापणीवाल्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं ओढून मागे टाका, तिला वेचू द्या, तिला धमकावू नका. रूथला धान्य मिळतं ते तिच्या मेहनतीचं म्हणून. देण्याची एवढी नजाकत आपल्याला रोज जमणार नाही, पण काही गोष्टी नक्की जमतात.

दारात उभं राहून पिशवी पुढे करू नका. आत बसा. पिशवीवर चर्चचं, पतपेढीचं किंवा तुमच्या दुकानाचं नाव नको.

डब्याचं एक वेगळं प्रकरण आहे. डबा रिकामा परत पाठवायचा नाही ही आपली रीत. ज्या घरात महिनाअखेर साखर संपलेली असते तिथे तुमचा स्टीलचा डबा कर्जासारखा ओट्यावर बसून राहतो, आणि ती बाई तो भरायचा कशाने या विचारात. म्हणून तिथल्या तिथे त्यांच्या भांड्यात काढून द्या आणि डबा लगेच पिशवीत टाका.

फोटो नाही. चर्चच्या निधीतून खर्च झाला असेल तर पावती आणि वहीतली नोंद पुरे. हिशेबासाठी चेहरा लागत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं सांगितलंय, आणि आपण दोन्ही हात ग्रुपवर टाकतो.

पत्रक नाही. धान्याच्या पिशवीत शुभवर्तमानाची पुस्तिका, औषध दिल्यावर प्रार्थनासभेचं आमंत्रण, हे करू नका. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या २००५ च्या विश्वपत्रात (सगळ्या चर्चला लिहिलेल्या पत्रात) स्पष्ट म्हटलंय की सेवा हे धर्मांतराचं साधन म्हणून वापरता येत नाही. प्रीती फुकट असते. तुम्ही का येता असं कुणी आपणहून विचारलं तर खरं ते दोन वाक्यांत सांगा. विचारलं नाही तर बोलू नका. शेजारी हिंदू असो, मुसलमान असो, त्याला तुमच्या येण्यामागे अट आहे असा संशय आला की पुढची सगळी मदत वाया.

आणि चहा घ्या. साखर नको असेल तर कमी घाला म्हणा, पण घ्या. विहिरीपाशी शोमरोनी बाईशी बोलताना येशूने आधी तिच्याकडे पाणी मागितलं. तुम्हीही काहीतरी मागा: लोणच्याची रीत, जुन्या वसईची गोष्ट, पोराच्या गणिताला मदत, शिवणातली एक टीप. निवृत्त मास्तरांना भाजी आणून देणं ठीक. त्यांच्याकडे मुलाला इंग्रजी शिकायला पाठवलंत तर ते त्या दिवशी दाढी करून बसतात.

> तपासा: या घरातून तुम्ही आजपर्यंत काय घेतलंत? उत्तर “काहीच नाही” असेल तर नातं एकतर्फी झालंय.

## पायरी ५: निघा, आणि जड काम योग्य हातात द्या

शोमरोनी उतारशाळेत मुक्काम ठोकून बसला नाही. तो दुसऱ्या दिवशी निघाला, कारण पुढचं काम उतारशाळेच्या मालकाला जमणारं होतं. आपल्याला मात्र सगळं आपणच केल्याचं समाधान हवं असतं.

व्यसन, कर्ज, लांबलेलं आजारपण, घरभाडं थकणं: हे एकट्याने उचलू नका. धर्मग्रामातल्या सेंट विन्सेंट डी पॉलच्या मंडळींकडे जा; घरोघरी जाऊन गुप्तपणे मदत करणं हेच त्यांचं काम. ते नसतील तर धर्मगुरू, आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र. जाण्याआधी त्या माणसाची परवानगी घ्या.

दोन प्रसंगांत मात्र परवानगीची वाट पाहायची नाही. कुणी जीव देण्याची भाषा बोललं तर एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, १४४१६ लावा. मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर पोलिसांत कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. “चर्चची बदनामी नको” हे कारण तिथे चालत नाही. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला १८१ हा नंबर द्या आणि तिचा निर्णय तिला घेऊ द्या. “सहन कर, तुझा क्रूस आहे” हे सांगणाऱ्याने आधी तो क्रूस आठवडाभर स्वतः वाहून पाहावा.

उसने पैसे मागितले तर? परत आले नाहीत तरी चालेल एवढेच द्या, आणि देताना तसं सांगा. त्याहून जास्त लागत असतील तर नाही म्हणा. पैशांवरून तुटलेली ओळख जुळत नाही.

## पायरी ६: परत जा

“परत येताना देईन” हे शोमरोन्याचं शेवटचं वाक्य. सगळ्यात जास्त सेवा इथे कोसळते. पहिली भेट सगळे देतात. चौथीच्या वेळी पाऊस असतो, क्रिकेटची मॅच असते, आजींनी तीच गोष्ट पुन्हा सांगितलेली असते.

त्यासाठी उपाय साधे आहेत. निघतानाच पुढचा वार सांगा. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा, त्या दिवशी दुपारी नाही. तोवर आजींनी चहाचं दूध बाजूला काढून ठेवलेलं असतं. गेल्या खेपेला त्यांनी सांगितलेली एक गोष्ट लक्षात ठेवून विचारा: गुडघ्याचं मलम लागू पडलं का, भाचीचं लग्न ठरलं का. ईस्टरनंतरच्या सोमवारी वहीत पुढच्या तीन महिन्यांचे वार लिहून टाका.

भेटीचा कंटाळा येणं हे पाप नाही. लिझ्युच्या मठातल्या संत तेरेझाला एका म्हाताऱ्या, कुरकुऱ्या सिस्टरला रोज संध्याकाळी प्रार्थनेतून जेवणघरात न्यायचं काम होतं. कमरेला धरून, तिच्या चालीने. भरभर चाललं तरी बोलणी, हळू चाललं तरी बोलणी. तेरेझाला ते काम सुखाचं नव्हतं. पण पोहोचवून परतताना तिच्या लक्षात आलं की म्हातारीला आपल्या हातांनी पाव कापता येत नाही. मग निघण्याआधी ती पाव कापून देऊ लागली. मागितलेलं काम सांभाळून झालं की न मागितलेलं असं कधीतरी दिसतं, आणि ते दिसायला रोज जावं लागतं.

## पायरी ७: रात्री पाच मिनिटं

भेटीच्या दिवशी झोपण्याआधी तीन प्रश्न. मी बोललो जास्त की ऐकलं जास्त? आभार मानले नाहीत तेव्हा मला राग आला का? आज घरातल्या कुणावर ओरडलो का? तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर उद्याची पहिली भेट घरातच.

भेटी मोजू नका, तक्ते करू नका.

## बिघडलं तर

ते रागावले, टाकून बोलले. वेदना आणि लाज दोन्ही रागातून बाहेर पडतात. दोन दिवस थांबा, काहीच न झाल्यासारखे ठरलेल्या वारी जा.

मागण्या वाढत चालल्या. ठरलेलं होतं तेवढं करा, बाकीला सरळ “हे मला जमणार नाही” म्हणा. बहाणे सांगू नका. बहाणा पकडला जातो.

चार लोक नावं ठेवतात. ठेवू द्या. मात्र त्या माणसाच्या नातेवाइकांना तुमचं येणं खुपत असेल तर त्यांच्याशी आधी बोला, त्यांना सोबत यायला सांगा. कधी कधी शेजारी येतो हे पाहून मुलगा यायला लागतो. तसं झालं तर तुमच्या फेऱ्या कमी करा.

तुम्हीच आजारी पडलात. कुणीतरी दार वाजवून औषधं आणू का विचारेल. “नको नको, सगळं आहे” हे तोंडाशी आलेलं उत्तर गिळा आणि चिठ्ठी हातात द्या, पैशांसकट.